घाट उतरण्यापूर्वी

पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या रस्त्याने नारायणगाव गाठावे आणि तेथून उजव्या हातास, पूर्वेकडे वळावे, म्हणजे थोड्याच वेळात शेतांच्या पट्ट्यांमधून प्रचंड जाळीदार तबकड्या डोके वर काढू लागतात. हेच खोडद गाव. जुन्नर तालुक्यातील ह्या लहानशा गावाचे नाव आज जगभरच्या ज्योतिर्विदांना ठाऊक आहे, ते येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. ४५ मीटर व्यासाची एक, अशा ३० तबकड्या. त्यांतील १४ खोडदच्या परिसरात एकवटलेल्या आणि उरलेल्या १६ तीन दिशांना मैलोगणती पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून व परिश्रमांतून उभी राहिलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

ह्या दुर्बिणीच्या शास्त्रीय पराक्रमाविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही. मी इतिहासाचा अध्यापक. परंतु विज्ञानदिनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांबरोबर तेथे जाण्याचे योग मला अनेकदा आले, आणि अशाच एका भेटीत कानी पडलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली. वाऱ्याचा वेग ठराविक मर्यादेबाहेर गेला, की निरीक्षण कितीही महत्त्वाचे असो, ते तेथेच थांबवावयाचे आणि तबकड्यांची तोंडे सरळ वर आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवावयाच्या, असा तेथील नियम आहे. वारा किती झाला म्हणजे थांबावयाचे हे आधीच ठरलेले असते. आजचे वादळ जरा सोसून पाहू, असा विचार करण्याची मोकळीक त्या क्षणी कोणासही नसते.

हा नियम मी प्रथम ऐकला तेव्हा त्यात मला काही विशेष वाटले नाही. पुढे ह्याच तालुक्याच्या पश्चिम अंगास, घाटमाथ्यावर, घडलेल्या एका जुन्या अपघाताची हकीकत वाचनात आली, आणि त्या साध्या नियमामागे केवढा इतिहास उभा आहे ह्याची जाणीव झाली. तो इतिहास वाचकांपुढे मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. झालेल्या अपघाताचा इतिहास लिहिता येतो. टळलेल्या अपघाताचा येत नाही. झालेल्या अपघातास तारीख असते, मृतांची यादी असते, चौकशी-मंडळाचा अहवाल असतो. टळलेला अपघात मात्र कोठेही नोंदला जात नाही. ज्याने तो टाळला त्यालाही पुष्कळदा आपण काय केले हे कळत नाही. त्यामुळे सुरक्षिततेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास सारी साधने विपरीत घटनांतूनच गोळा करावी लागतात. मी जी तीन डोंगरांची कथा सांगणार आहे, ती ह्याच कारणाने दुःखाची आहे.

पहिला डोंगर आपल्या घरचा. १९६२ सालच्या जुलै महिन्यातील ६ व ७ तारखांमधली रात्र. इटलीच्या आलितालिया कंपनीचे डी.सी.८ जातीचे जेट विमान सिडनीहून रोमच्या लांब प्रवासास निघालेले होते व बँकॉकहून मुंबईकडे येत होते. आत ८५ उतारू व ९ कर्मचारी. पावसाळ्याचे दिवस, मध्यरात्रीचा सुमार. मुंबईच्या विमानतळाशी विमानाचे संभाषण चालू होते, उतरण्याची अनुज्ञा मिळालेली होती, आणि वैमानिक धावपट्टीकडे सरळ येण्याच्या बेताने विमान खाली आणीत होता. मध्यरात्र टळून काही मिनिटे होतात न होतात तोच, मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नर भागातील एका डोंगरावर ते आदळले. ९४ पैकी एकही मनुष्य वाचला नाही. चौकशीच्या इंग्रजी कागदांत त्या डोंगराचे नाव ‘दवंड्याची’ असे उतरले आहे. कशाची कोण, टेकडी की खिंड, हा नावाचा उत्तरार्ध परक्या लेखणीतून गळून पडलेला दिसतो.

यंत्रात बिघाड नव्हता. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की दिशागणनेत चूक झाल्यामुळे वैमानिकास आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा पुष्कळ जवळ आहोत असे वाटले व त्याने वेळेपूर्वीच विमान खाली आणले. ह्या मुख्य कारणाच्या जोडीस आणखी तीन कारणे नमूद करण्यात आली. आपले स्थान पडताळून पाहण्याची जी साधने उपलब्ध होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही. ह्या प्रदेशावरून उडताना किमान अमुक उंचीच्या खाली येऊ नये अशी जी मर्यादा घालून दिलेली होती, तिचे उल्लंघन झाले. आणि मार्गातील डोंगराळ भूमीशी वैमानिकाचा परिचय नव्हता.

ही कारणे नीट वाचली, की त्यांतील एक गोष्ट विशेष डाचू लागते. अज्ञान होते, परंतु ते दूर करण्याचे साधन हाताशी होते. आपण नक्की कोठे आहोत, हा एक प्रश्न त्या अखेरच्या काही मिनिटांत विचारावयाचा राहून गेला. त्याचे उत्तर मिळण्यासारखे होते.

जुन्नरच्या माणसास ह्या घटनेत एक करुण विसंगती जाणवल्याखेरीज राहणार नाही. देशावरून कोकणात उतरण्याची वाट म्हणून हा प्रदेश दोन सहस्र वर्षे प्रसिद्ध आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख कोरलेल्या लेण्यात आहे. आणि घाटाच्या तोंडाशीच दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांची जकात त्यात पडत असे, अशी परंपरागत समजूत आहे. ती खरी धरली, तर त्या रांजणाने एक काम नकळत केले असले पाहिजे. माल लादलेले जनावर घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकास तेथे क्षणभर थांबावे लागे. ओझे सावरावे, जनावराचा पाय पाहावा, सोबतीची माणसे मोजावी, आणि मग उताराला लागावे. शिवाय पायी चालणाऱ्यास घाटमाथा ओलांडला की नाही हे कोणास विचारावे लागत नसे. त्याच्या गुडघ्यांनाच ते कळे. विमानास गुडघे नाहीत. त्याला माथा ओलांडल्याचे ज्ञान आकड्यांवरूनच व्हावयाचे. म्हणून त्याच्यासाठी आकाशात एक अदृश्य नाका बसविलेला असतो, आणि त्यालाच किमान सुरक्षित उंची म्हणतात. मी कोठे आहे ह्याची खात्री करून घेतल्यावाचून ह्या नाक्याच्या खाली येणार नाही, असा तो करार आहे. १९६२ च्या त्या रात्री हा नाका चुकविला गेला.

येथे आणखी एका विमानाची आठवण होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणून आपल्या कंपनीच्या हवाई टपालसेवेचा आरंभ केला. विमान ‘पस मॉथ’ जातीचे, एका इंजिनाचे, एखाद्या मोटारीएवढे. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, भूमीवर मार्गदर्शक दीप नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. ह्या मंडळींना डोळे, घड्याळ, होकायंत्र आणि नकाशा एवढ्यांच्याच भरवशावर उडावे लागे. खाली दिसणारी नदी कोणती, तो डोंगर कोणता, हा प्रश्न घडोघडी विचारल्यावाचून त्यांचे चालत नसे. त्या काळात अपघात होत नसत असे माझे म्हणणे नाही. होत, आणि पुष्कळ होत. परंतु साधने वाढली म्हणजे प्रश्न विचारण्याची गरज संपली, असे मनुष्याचे मन किती सहज धरून चालते, हे १९३२ आणि १९६२ ही दोन साले शेजारी ठेवली म्हणजे दिसून येते.

दुसरा डोंगर युरोपातील, परंतु त्याचा संबंध थेट खोडदशी पोचतो. १९६२ च्याच जानेवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा ह्यांनी परदेशी असलेल्या तरुण गोविंद स्वरूपांना तार करून आपल्या संस्थेत रेडिओ-ज्योतिषाचा गट उभारण्याचा निर्णय कळविला होता. दुसऱ्या वर्षी स्वरूप परत आले. कल्याण, उटकमंड आणि शेवटी खोडद अशी त्यांच्या कार्याची परंपरा झाली. खोडदच्या तबकड्या म्हणजे त्या तारेला आलेले फळ होय. ते पाहण्यास भाभा उरले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ नावाचे बोइंग ७०७ विमान जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले व भाभांसह ११७ माणसे प्राणास मुकली. १९५० च्या नोव्हेंबरात ह्याच कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ह्याच पर्वतावर नष्ट झाले होते, हा दैवदुर्विलास वेगळाच.

भाभांच्या मृत्यूभोवती लोकांनी नाना तर्कांचे जाळे विणले आहे. तर्कात एक प्रकारचे समाधान असते. एवढा मोठा मनुष्य क्षुल्लक कारणाने गेला हे मन स्वीकारीत नाही. परंतु फ्रेंच चौकशी-मंडळाने पुनर्विचारानंतर जे कारण दिले, ते कोणत्याही कटापेक्षा अधिक विचार करावयास लावणारे आहे. बेरूतहून निघतानाच विमानातील दोन दिशादर्शक ग्राहकांपैकी एक निकामी असल्याचे वैमानिकास माहीत होते. माँ ब्लाँच्या संदर्भात आपण कोठे आहोत ह्याची त्याची गणना चुकली व ती चुकीची गणना त्याने नियंत्रकास कळविली. भूमीवरील रडार-नियंत्रकाच्या ती चूक ध्यानात आली. त्याने विमानाचे खरे स्थान ओळखले आणि वैमानिक आपली चूक सुधारील ह्या समजुतीने त्यास सूचनाही दिली. परंतु सूचनेचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने त्यांचा अर्थ, आपण पर्वत ओलांडला, असा घेतला आणि तो खाली येत राहिला.

जुन्नरच्या डोंगरावर प्रश्न विचारला गेला नव्हता. माँ ब्लाँवर एकास सत्य माहीत होते, त्याने ते सांगितले, आणि तरीही ते दुसऱ्यापर्यंत पोचले नाही. सांगणाऱ्याने ‘आपले पर्वताच्या अलीकडे आहात, खाली येऊ नका’ अशा अर्थाचे रोखठोक वाक्य उच्चारले असते, किंवा ऐकणाऱ्याने ‘म्हणजे मी पर्वत ओलांडला असे समजू काय?’ असे उलट विचारले असते, तर काय झाले असते, हे कोणी सांगावे? भाषेच्या अध्यापकांनी आपल्या वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे. शब्दांचा नेमकेपणा हा केवळ साहित्याचा गुण नव्हे.

तिसरा डोंगर अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातला, माउंट वेदर नावाचा. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड कंपनीचे एक विमान वॉशिंग्टननजीकच्या डलेस विमानतळाकडे उतरताना त्यावर आदळले व ९२ माणसे गेली. कारण पुन्हा तेच, वेळेपूर्वी खाली येणे. उतरण्याची जी अनुज्ञा मिळाली, तिचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला व नियंत्रकांच्या मनात दुसरा होता. पण ह्या अपघाताच्या चौकशीत एक गोष्ट उघड झाली, जिने विमानविद्येचा इतिहास पालटला. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजापायी, त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीस ते कळविले आणि कंपनीने आपल्या इतर वैमानिकांस सावधही केले. परंतु ही वार्ता कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाही.

ह्यातून १९७६ साली एक नवी व्यवस्था जन्मास आली. ज्या वैमानिकाच्या वा नियंत्रकाच्या हातून चूक घडली, परंतु अपघात टळला, त्याने ती हकीकत लिहून पाठवावी. ती शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न जाता नासा ह्या त्रयस्थ संस्थेकडे जावी. लिहिणाराचे नाव गुप्त राहावे आणि हकीकत मात्र सर्वांनी वाचावी. आरंभी मी म्हटले, की टळलेल्या अपघाताची नोंद होत नाही. ती व्हावी म्हणून मुद्दाम केलेली ही इतिहासातील एक मोठी व्यवस्था होय. चूक कबूल करणाऱ्यास अभय दिल्यावाचून सत्य कळत नाही, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. विमानात बसविलेले, भूमी जवळ येताच इशारा देणारे यंत्रही ह्याच अपघातानंतर अमेरिकेत सक्तीचे झाले. यंत्राने प्राण वाचविले हे खरेच. पण यंत्र बोलते ते अगदी शेवटच्या क्षणी. त्यापूर्वीच्या क्षणांत माणसांनीच बोलावयाचे असते.

आता प्रश्न असा, की हे बोलण्याचे काम कोणाचे? मोठ्या कंपन्यांत त्यासाठी पगारी अधिकारी नेमलेले असतात. परंतु जेथे सारेच स्वयंसेवक, तेथे काय? अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्यापूर्वी अवघा आठवडाभर, ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ ही हौशी वैमानिकांची संघटना स्थापन झाली. आपापली लहान विमाने घेऊन ह्या नागरिकांनी युद्धकाळात समुद्रकिनाऱ्याची टेहळणी केली, आणि पुढे हरवलेल्या विमानांचा शोध घेण्याचे काम अंगावर घेतले. तीत आजही तुकडीगणिक सुरक्षा-अधिकारी नेमण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड उभे राहिले, १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना निघाली, आणि शाळांतून शिट्टी व पट्टा लावून रस्त्यावर उभी राहणारी आर.एस.पी.ची मुले तर सर्वांच्या पाहण्यातील आहेत.

स्वयंसेवकांत सुरक्षा सांभाळणाऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. त्याला कोणाचा पगार कापता येत नाही, कोणास कामावरून काढता येत नाही. त्याची कामे म्हटली तर साधी आहेत. निघण्यापूर्वी वाहन व माणूस दोन्ही तपासावयाचे, कोणास काही खटकले असल्यास ते ऐकून घ्यावयाचे, घडता घडता राहिलेली चूक लिहून ठेवून पुढच्यास सांगावयाची, आणि प्रसंग पडल्यास ‘थांबा’ म्हणावयाचे. परंतु ही कामे करताना त्याचा सामना आळसाशी नसतो, उत्साहाशी असतो. पगारी मनुष्य नको म्हणावयास भितो तो नोकरीपायी. स्वयंसेवक भितो तो लाजेपायी. आपण होऊन पुढे आलो, आता मागे कसे सरावे, ही ती लाज. म्हणून सेवाभावी मंडळींतच थांबण्याचा नियम आधी ठरलेला असणे अधिक आवश्यक आहे.

लहानाने ‘थांबा’ म्हटले आणि थोराने ऐकले नाही, तर काय होते ह्याचे उदाहरण आपल्या देशात २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे घडले. दुबईहून येणारे विमान धावपट्टीवर फार उंचावरून व फार पुढे उतरत होते. सहवैमानिकाने पुन्हा वर चला, असे एकदा नव्हे तर अनेकदा सुचविले. मुख्य वैमानिकाने उतरणे चालूच ठेवले. विमान पठाराच्या कडेवरून खाली कोसळले, १५८ माणसे गेली, आठ वाचली. चौकशीत निष्पन्न झाले, की मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच मोठा भाग झोपलेला होता व त्या झोपेची गुंगी त्याच्या निर्णयशक्तीवर राहिली होती.

झोपेची गोष्ट निघाली म्हणजे आकाशातून रस्त्यावर उतरणे भाग पडते. विमानाच्या अपघाताची वार्ता जगभर होते. मोटारीच्या अपघातात माणसे थोडी थोडी मरतात म्हणून आपण ती मोजीत नाही. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. खोडदच्या वाटेवरच, नारायणगावजवळ, १७ जानेवारी २०२५ रोजी मागून धडक बसलेली एक प्रवासी गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या बसवर आदळली व नऊ जण जागच्या जागी गेले. मोटार चालविणाऱ्यास विश्रांती हवी, हे आपल्या कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात दिवसाचे काम आठ तासांचे आणि पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी तरतूद केलेली होती. कायदा कागदावर राहतो तो आपल्यासारख्या प्रवाशांच्या घाईमुळे, हे मी आता स्वानुभवाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनास आम्ही दोन भाड्याच्या बसगाड्यांतून सुमारे ऐंशी विद्यार्थी खोडदला नेले. सहलीच्या सुरक्षिततेची व्यवस्था माझ्याकडे होती. मी मोठ्या काटेकोरपणे यादी केली होती. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, पालकांचे दूरध्वनी, मुलांची हजेरी. प्रत्येक गाडीत एक विद्यार्थी-स्वयंसेवक नेमून, निघण्यापूर्वी यादी तपासून त्याने सही करावी असा नियमही केला. प्रदर्शन पाहून होईतो संध्याकाळचे सात वाजले. मुले गाडीत बसली. दुसऱ्या गाडीची स्वयंसेविका, द्वितीय वर्षातील एक मुलगी, खालीच उभी राहिली.

“सर, ड्रायव्हरकाकांची काल रात्र जागरणात गेली आहे. लग्नाचं वऱ्हाड घेऊन ते कोल्हापूरला गेले होते. पहाटे आले ते थेट आपल्याकडे.”

मी चालकाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, “चला की सर. आपल्याला सवय हाये त्याची.”

मला ते उत्तर पुरेसे वाटले, ही माझी पहिली चूक. पालकांचे दूरध्वनी सुरू झाले होते. महाविद्यालयातूनही विचारणा झाली होती. मी किंचित त्रासूनच म्हणालो, “अगं, यादीत सगळं तपासलं ना? मग कर सही आणि चढ गाडीत.”

ती चढली नाही. हातातील कागद पुढे करून शांतपणे म्हणाली, “सर, ‘सर्व ठीक’ असं लिहिलंय खाली. सही माझी आहे. काकांच्या झोपेचं यादीत नाहीच. मग मी कशी करू?”

ऐंशी मुलांसमक्ष एका विद्यार्थिनीने आपणांस अडवावे, हे मला त्या क्षणी मुळीच रुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. परंतु यादी मीच केली होती आणि सहीचा नियमही माझाच होता. चालकास गाडीच्या मागच्या बाकावर निजविले. तो पडताक्षणी असा गाढ झोपला, की मुलांच्या गाण्यांनीही त्याची कूस बदलली नाही. दोन-अडीच तासांनी त्याला उठविले, चहा दिला आणि आम्ही निघालो. पुण्यास पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पालक संतापलेले होते. एका पालकांनी तर नियोजनशून्यतेबद्दल लेखी तक्रारही केली, आणि सहलीच्या अहवालात ‘परतीस सुमारे तीन तास विलंब’ एवढीच नोंद झाली.

त्या रात्री काय टळले? कदाचित काहीच नाही. चालक म्हणाला त्याप्रमाणे त्याला सवय असेल, आणि आम्ही दहा वाजता सुखरूप घरी पोचलो असतो. मला काहीही सिद्ध करता येत नाही. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला पुरावा लागतो, आणि येथे पुराव्यादाखल आहे ती एका पालकाची तक्रार. पण तो मनुष्य ज्या गाढपणे झोपला, ते पाहताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर आमच्या यादीत पहिली ओळ चालकाच्या विश्रांतीची असते, आणि ती त्या मुलीच्या हस्ताक्षरातील मूळ कागदावरून उतरविलेली आहे.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर खचला व दीडशेच्या वर माणसे मातीखाली गेली. ही वार्ता बाहेर नेली ती एस.टी.च्या चालकाने. नेहमीच्या वाटेने तो तेथे आला, आणि जेथे गाव असावयास पाहिजे होते तेथे त्याला चिखल दिसला. तो थांबला, परतला आणि त्याने सांगितले. गेलेल्यांना तो वाचवू शकला नाही. परंतु मदत त्या गावाकडे वळली ती ह्या थांबण्यामुळे आणि सांगण्यामुळे. रोजच्या वाटेवर असूनही त्याने वाट आंधळेपणाने धरली नव्हती. जे दिसले पाहिजे ते दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

दवंड्याच्या डोंगरावर प्रश्न राहून गेला, माँ ब्लाँवर शब्द अपुरे पडले, माउंट वेदरवर एकाचा अनुभव दुसऱ्यास कळला नाही, आणि मंगळुरास ऐकणारा ऐकेनासा झाला. विचारणे, नेमके बोलणे, इतरांस सांगणे आणि ऐकणे, ह्या चार गोष्टींना विमान लागत नाही, हुद्दा लागत नाही, पगारही लागत नाही. वार्षिक सहलीची, लग्नाच्या वऱ्हाडाची, पंढरीच्या दिंडीबरोबर जाणाऱ्या मालमोटारीची व्यवस्था आपल्या घरांतील कोणी ना कोणी पाहतच असतो. निघण्याच्या घाईत कोणी पोर, कोणी बाई, कोणी सोबती ‘जरा थांबा’ म्हणाला, तर त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. उशीर झाल्याची तक्रार येईल. ती घ्यावी आणि जपून ठेवावी. टळलेल्या अपघाताचा तेवढाच पुरावा मागे राहतो.